हरिहरपंतांचा वन्समोअर

आमच्या कल्याणच्या गायनप्रेमी समाजाचा वार्षिक समारंभ नुकताच थाटाने पार पडला आणि त्यात समाजाचा इतिहास वाचून दाखवण्यात आला. ज्यांनी झुंबर दिले त्यांचे नाव त्या इतिहासात होते. ज्यांनी जाजम दिले त्यांचे होते. आणि ज्यांनी काहीच दिले नाही, परंतु जे मामलेदार आहेत, त्यांचे दोन ठिकाणी होते. हरिहर टिपणीस हे नाव मात्र कोठेही नव्हते. हे गृहस्थ गेल्या श्रावणात खडवलीस वारले. म्हणजे विसर पडण्याइतकाही काळ लोटलेला नाही. मी शाळामास्तर आहे. मुलांकडून इतिहास घोकून घेण्यात माझे आयुष्य गेले, आणि त्यामुळे इतिहासात कोण आहे यापेक्षा कोण गाळले गेले आहे, इकडे माझे लक्ष आधी जाते. समाजाच्या चिटणिसांना मी तसे विचारले. ते म्हणाले, "मास्तर, जागा अपुरी पडली हो." तेव्हा जे तेथे मावले नाही ते मी येथे लिहितो.

हरिहरपंत कल्याण स्टेशनातल्या मालधक्क्यावर कारकून होते. मूळचे ठाण्याचे, कायस्थ प्रभू. इंग्रजी नोकरीपुरते शिकलेले. अंगाने उंच, किंचित पोक आलेले, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांकडे न पाहता त्याच्या अंगरख्याच्या बंदांकडे पाहणारे. पत्नी पहिल्याच बाळंतपणात गेली, मूलही गेले. पुन्हा लग्न त्यांनी केले नाही, आणि का केले नाही हे विचारावे इतका कोणाचा त्यांच्याशी घरोबा नव्हता. शेणाळे तळ्याकडच्या आळीत कमळाबाई नावाच्या एका वृद्ध विधवेच्या घरातल्या मागल्या दोन खोल्या त्यांनी भाड्याने घेतल्या होत्या, आणि जेवणही तिच्याकडेच असे. कमळाबाई म्हणत, "टिपणीस घरात आहेत की बाहेर, हे मला त्यांच्या जोड्यांवरून कळतं. घरात पालसुद्धा अधूनमधून बोलते. हे नाहीत बोलत."

या अबोल मनुष्यास गाण्याचे वेड होते. वेड म्हणतो, ज्ञान म्हणत नाही. रागांची नावे त्यांना ओळखता येत नसत, तालाच्या मात्रा मोजता येत नसत, आणि स्वतःचा गळा म्हणाल तर देवळातल्या आरतीतही तो लपवण्याकडे त्यांचा कल असे. परंतु गाणे चालू झाले की त्यांची पाठ सरळ होई, आणि ते संपेपर्यंत सरळच राही.

ज्या बैठकीचा पुढे समाज झाला ती गाण्याची बैठक त्या काळी आमच्या गावात रविवारी भरे. गावातली बरीच मंडळी मुंबईच्या कचेऱ्यांत नोकरीस. ती शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी येत आणि सोमवारी पहाटेच्या गाडीने परत जात. मधल्या रविवारी दुपारची झोप झाली की ही मंडळी पारनाक्यावर वकील भाऊसाहेब ताम्हाणे यांच्या माडीवर जमत व दिवेलागणीस उठत. ताम्हाणे हे यजमान. त्यांना शास्त्राचा अभ्यास होता, निदान शास्त्रावर बोलण्याचा होता. तबल्यावर प्रभाकरपंत फणसे. हे मुंबईस एका सरकारी कचेरीत होते आणि त्यांची जीभ त्यांच्या बोटांपेक्षा अधिक तयार होती. बाकीचे आम्ही ऐकणारे.

ऐकणारे पुष्कळ होते, गाणारा नव्हता. आरंभी मंडळी आळीपाळीने स्वतःच गात. ते गाणे ज्यांनी ऐकले त्यांपैकी कित्येकांनी पुढे पत्त्यांचा नाद धरला, याचा मी साक्षीदार आहे. ही बैठक पहिल्याच वर्षी मोडायची. ती मोडली नाही ती हरिहरपंतांमुळे, आणि समाजाच्या इतिहासात जे यायला हवे होते ते हेच.

पुण्याकडून येऊन नाशिक, खानदेश, इंदूर, ग्वाल्हेर या बाजूस जाणाऱ्या उतारूला कल्याणास गाडी बदलावी लागते आणि मधला वेळ फलाटावर काढावा लागतो. संस्थानांच्या आश्रयाने हिंडणारे गवई याच वाटेचे प्रवासी. हरिहरपंतांच्या ध्यानात आले की तंबोरा कितीही जाड गवसणीत घाला, तो लपत नाही. उतारू आपली ट्रंक हमालाच्या डोक्यावर देतो, वळकटी देतो, प्रसंगी मूलही देतो. पण ती लांब गवसणी तो स्वतःच्या खांद्यावरून उतरू देत नाही. धाकू नावाचा खाडीकाठचा एक आगरी हमाल होता. त्यालाही पंतांनी गवसणीतल्या भोपळ्याची ही खूण शिकवली. पुण्याची गाडी आली की धाकू डब्यांवरून नजर फिरवी आणि मालधक्क्याच्या दिशेने ओरडे, "पंतानू, भोपला आलाय!" मग हरिहरपंत लेखणी कानावर ठेवून फलाटावर जात, आणि एरवी कोणाच्या तोंडाकडे न पाहणारा हा मनुष्य परक्या गवयापुढे हात जोडून म्हणे, "बुवा, पुढची गाडी फार उशिरा आहे. गावात मंडळी जमली आहेत. आपण नुसते हातपाय धुवायला चला." नुसते हातपाय धुवायला म्हणून आलेले कित्येक गवई आम्ही दिवेलागणीपर्यंत ऐकले. बिदागी म्हणून मंडळी एक नारळ व शक्य ते देत. गवई बिचारे सौजन्याने घेत.

गवयास माडीवर पोहोचवून हरिहरपंत स्वतः जिन्याच्या तोंडाशी, जोड्यांच्या रांगेजवळ बसत. तेथे बसा असे त्यांना कोणी म्हटले नव्हते; आत या असेही कोणी म्हटले नव्हते. फणसे मधूनच विचारीत, "काय पंत, आत्ताचा मारवा की पूर्वी?" पंत त्यांच्या अंगरख्याच्या बंदांकडे पाहत म्हणत, "गोड होतं." की माडी हसे.

एका मार्गशीर्षात नारोबुवा म्हैसाळकर आले. वृद्ध, दाढीचे खुंट वाढलेले, डाव्या डोळ्यात फूल पडलेले. त्यांनी मुलतानी गायला आणि चांगला गायला. पण त्याने काही अघटित घडले असे नव्हे. मुलतानी संपल्यावर ताम्हाण्यांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी एक लहानशी चीज घेतली. सासरी निघालेली मुलगी उंबरठ्यावर थांबून मागे पाहते, एवढाच तिचा अर्थ. बुवांचा आवाज थकला होता. वरचा सूर त्यांना सहज मिळेना. तो त्यांनी खालून, हळूहळू, जणू अंधारात भिंत चाचपावी तसा शोधला आणि सापडल्यावर त्यावर क्षणभरच थांबून सोडून दिला. चीज संपली. कोणी वाहवा म्हणण्यापूर्वी जी निःशब्दता असते, तीत जिन्याच्या तोंडाशी एक मोठा, फाटलेला आवाज उठला:

"वन्समोअर!"

हा शब्द आमच्या लोकांनी नाटकांच्या तंबूंतून उचलला. संगीत नाटके निघाल्यापासून पद आवडले की पिटातून ही आरोळी उठते, आणि नट मेलेला असला तरी उठून पुन्हा गातो. ठाण्यास एका नाटक मंडळीचा मुक्काम होता तेव्हा स्वतः ताम्हाणे वकील या शब्दाने घसा बसवून दुसऱ्या दिवशी कोर्टात खुणांनी बोलले होते. परंतु नाटकाचा तंबू निराळा आणि ख्यालियाची बैठक निराळी, असे ते मानीत. बैठकीत वाहवा म्हणावे, मान हलवावी. गवयास फर्मान सोडू नये, असा नियम होता. तो कोणी केला हे कोणास ठाऊक नव्हते, तरी मोडल्याचे तत्काळ सर्वांना कळले.

नारोबुवांनी तंबोरा आडवा ठेवला, उठले आणि एक शब्दही न बोलता जिना उतरून खाली गेले. ताम्हाणे हात जोडून उभे राहिले ते उभेच. बुवा परत आले तोवर गाडीची वेळ झाली होती. "आता निघतो," एवढेच म्हणून त्यांनी गवसणी मागितली.

ते गेल्यावर फणसे म्हणाले, "पंत, पुढच्या रविवारी पडदा घेऊन या. आणि सोडावॉटरवालाही सांगून ठेवा." कोणी म्हणाले, "गाड्या सुटताना शिट्टी वाजवायची सवय. दुसरं काय होणार?" हरिहरपंत आपले जोडे पायांत चढवत होते, त्यांना डावा-उजवा समजेना.

पुढच्या रविवारी या प्रकरणाचा विचार करण्यास मंडळी जमली. गाणे ऐकण्यापेक्षा न्याय करण्यास आमच्या गावात उपस्थिती नेहमीच अधिक असते. ताम्हाण्यांनी हरिहरपंतांस विचारले, "आपण वाहवा का म्हटलं नाहीत?"

हरिहरपंत त्यांच्या अंगरख्याच्या बंदांकडे पाहत म्हणाले, "वाहवा म्हणजे, झालं ते छान झालं. मला ते झालेलं नको होतं, भाऊसाहेब. ते पुन्हा हवं होतं. त्याला दुसरा शब्द मला ठाऊक नाही."

मी त्या सभेत बोललो. मी म्हणालो की हा भाषेचा प्रश्न आहे. स्तुती करण्यास आपल्याकडे शब्द पुष्कळ आहेत, पण संपलेले सुख नम्रपणे पुन्हा मागण्यास आपल्या बैठकीत शब्दच नाही. 'परत एकदा' असे आपण वाढप्याला म्हणतो. ज्याला शब्द नव्हता त्याने परका घेतला, यात मानभंग कसला? शिवाय बुवा रागावून उठले हे त्यांच्या तोंडून कोणी ऐकले आहे काय? फणसे म्हणाले, "मास्तर, वर्गात आहात असं समजू नका. इथे सगळे पास झालेले आहेत." सभा हसली, आणि हसणाऱ्या सभेपुढे युक्तिवाद चालत नाही. ठरले ते असे, की टिपणिसांनी नारोबुवांची क्षमा मिळवून आणावी. तोवर त्यांनी माडीवर पाऊल ठेवू नये. मी त्याच दिवशी माझे नाव काढून घेतले. त्याने कोणाचे काही अडले नाही, हेही नमूद करतो.

क्षमा मागावी, पण कोठे? बुवा आज या संस्थानात तर उद्या त्या; पत्र कोणत्या गावी टाकणार? हरिहरपंतांनी दुसरा मार्ग धरला. बुवा जसे उत्तरेस गेले तसे कधीतरी परततील किंवा पुन्हा जातील, आणि कोठूनही कोठेही गेले तरी कल्याणास त्यांस गाडी बदलावी लागेल. ते वाट पाहू लागले.

त्या काळात मी त्यांना पुष्कळ पाहिले. रविवारची दुपार मलाही मोकळी झाली होती. मी स्टेशनाकडे फिरावयास जाऊ लागलो. मालधक्क्याच्या सावलीत ते एका रिकाम्या पेटीवर बसलेले असत. इतर गवई येत तेव्हा पंत पूर्वीप्रमाणेच त्यांस विनवीत, टांग्यात बसवीत आणि धाकूबरोबर पारनाक्यावर धाडून देत. स्वतः जात नसत. एकदा मात्र गवई फार वृद्ध होते म्हणून ते दारापर्यंत गेले. वरून खिडकीतून फणसे ओरडले, "पंत, माल पोचला हो! पावती पाठवतो!" पंतांनी मान वर केली नाही.

मी म्हणालो, "या लोकांना गवई पुरवता तरी कशाला? बसू द्या एकमेकांचे गळे ऐकत."

ते म्हणाले, "बैठक मोडली तर मी परत जाणार कुठे, मास्तर?"

कमळाबाईही एकदा माझ्यादेखत त्यांच्यावर चिडल्या. "अहो टिपणीस, त्या माडीला काय सोन्याचे वासे आहेत? रामाच्या देवळात कीर्तन असतं, भजन असतं. तिथं जाऊन बसावं."

"देवळात जो तो देवाकडे बघतो, काकू," हरिहरपंत म्हणाले.

"मग बघेल नाही तर काय?"

"बैठकीत तसं नसतं. गवई फिरून फिरून समेवर आला की मंडळी एकमेकांकडे बघतात. साधलं म्हणून. आपोआप बघतात. तेव्हा समोर कोण आहे हे कुणी पाहत नाही. माझ्याकडेही कुणीतरी बघतं."

कमळाबाई स्वयंपाकघरात निघून गेल्या आणि त्या दिवशी त्यांनी पंतांच्या पानात भाजी दोनदा वाढली. त्यानंतर त्या विषयावर त्या बोलल्या नाहीत.

वर्ष उलटून गेले. एका रविवारी दुपारी मी पंतांजवळ बसलो असता धाकू धावत आला. "पंतानू! भोपला आलाय! तोच म्हातारा, येका डोल्याचा!"

हरिहरपंत उठले ते लेखणी, टोपी सर्व टाकून. मी टोपी घेऊन मागे गेलो. फलाटावरच्या बाकावर नारोबुवा बसले होते. गवसणी मांडीवर, तोंडात पान. हरिहरपंत त्यांच्यापुढे जाऊन सरळ पायांवर वाकले.

"कोण हो आपण?" बुवा दचकून म्हणाले.

"मी टिपणीस. आपण पारनाक्यावर गायलात, ताम्हाणे वकिलांकडे. मी वन्समोअर म्हटलं होतं."

"कल्याणात?" बुवांनी चांगल्या डोळ्याने इकडेतिकडे पाहिले. "कल्याणात मी गायलोय? असेल, असेल."

"आपण रागावून उठून गेलात."

"मी?" बुवा हसू लागले, पानाचा रस त्यांना आवरेना. "अहो, हल्ली जिथे जावं तिथे ओरडतात. धुळ्यास तर एकाने शिट्टी वाजवली. रागावत बसलो तर खायचं काय?"

"पण आपण तंबोरा खाली ठेवलात... खाली निघून गेलात..."

"राजे," बुवा त्यांच्या कानाशी वाकून, पण मला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "माझ्या वयाचा माणूस दुपारभर मांडी मोडून बसला की तो घाईने खाली कशाला जातो, हे तुम्हाला सांगायला हवं काय?"

मी हसलो; धाकू तर पोट धरून खाली बसला. हरिहरपंत हसले नाहीत. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते पाहून मी दुसरीकडे पाहू लागलो. मग ते मला म्हणाले, "मास्तर, हे एवढंच. हे एवढंच त्यांनी वर जाऊन सांगायला हवं."

बुवांची गाडी रात्रीची होती. ते यावयास तयार झाले. टांग्यात बुवा आणि मी बसलो. हरिहरपंत पुढे, टांगेवाल्याशेजारी. वाटेत त्यांनी दोनदा मागे वळून विचारले, "बुवा, सांगाल ना?" आणि बुवा दोनदा म्हणाले, "अहो, सांगतो हो." पारनाक्यावर पोहोचल्यावर पंत ठरावाप्रमाणे जिन्याखाली थांबले. बुवांस घेऊन मी वर गेलो. नाव काढलेला मनुष्य म्हणून माझ्याकडे कोणी पाहिले नाही. सर्वांचे डोळे बुवांकडे होते.

ताम्हाणे उठले. त्यांनी आतून शाल आणवली, नारळ आणवला. बुवांच्या खांद्यांवर शाल घालून, कोर्टात बोलावे तसे स्वच्छ शब्द उच्चारत ते म्हणाले, "बुवा, गतवर्षी या स्थळी एका अजाण व्यक्तीकडून आपला जो उपमर्द झाला, त्याचे शल्य आम्हां सर्वांच्या हृदयात आजवर आहे. आपण मोठ्या मनाने आम्हांस क्षमा करावी." असे म्हणून ते वाकले. त्यांच्यामागे सर्व माडी वाकली.

नारोबुवांनी खांद्यावरच्या शालीस हात लावला. समोरच्या वाकलेल्या पाठी पाहिल्या. आयुष्यभर दुसऱ्याच्या माडीवर, दुसऱ्याच्या मर्जीने गायलेला तो मनुष्य होता. यजमान देईल ते घ्यावे, ही त्याची रीत. ते गंभीर झाले आणि म्हणाले, "झालं गेलं गंगेला मिळालं, वकीलसाहेब. मनुष्य आहे, चुकला. मी मनात ठेवलेलं नाही. क्षमा केली."

"बुवा!" मी म्हणालो. "अहो, आत्ताच तर आपण स्टेशनावर म्हणालात की आपल्याला काही आठवत..."

बुवांनी माझा हात दाबला. "मास्तर, जाऊ द्या. कशाला आता."

"पाहा!" ताम्हाणे सर्वांकडे वळून सद्गदित होऊन म्हणाले. "याला म्हणतात थोरवी. अपमान आठवतो असेसुद्धा दाखवायचे नाही!"

मी खाली काय झाले ते सांगू लागलो, परंतु लघुशंकेचा उल्लेख त्या शालीपुढे कसा करावा याचा विचार करीपर्यंत फणसे जिन्याकडे गेलेही होते. "पंत, या वर! सुटलात! बुवांनी माफ केलं!"

हरिहरपंत वर आले. खालून त्यांनी सर्व ऐकले असले पाहिजे. जिना तेवढा उंच नाही. ताम्हाण्यांनी त्यांस बुवांच्या पाया पडावयास सांगितले आणि ते पडले. मग ताम्हाणे म्हणाले, "आता जोड्यांजवळ नको. इथे, पुढे बसा." इतक्या वर्षांत प्रथमच त्यांना आत बोलावले गेले होते. ते पुढे बसले, अगदी तबल्याजवळ.

बुवा गायले. काय गायले हे मला नीट आठवत नाही, कारण मी गाणे ऐकत नव्हतो. मी माडी पाहत होतो. पहिला फेरा पुरा झाला, बुवा समेवर आले, आणि समेवर येताच सगळ्या मंडळींनी वळून हरिहरपंतांकडे पाहिले. कोणाच्या मनात वाईट होते असे म्हणता येणार नाही. आता हा काय करतो, एवढेच प्रत्येकाच्या डोळ्यांत होते. आणि हसू ओठांपर्यंत आलेले. दुसरी सम आली. पुन्हा सर्व डोळे त्यांच्याकडे. फणसे तर वाजवता वाजवता भुवया उडवीत. प्रत्येक फेऱ्याला, बुवा जितके सुंदर समेवर येत तितक्या एकजुटीने ती माडी त्या एका माणसाकडे पाही. एकमेकांकडे त्या दिवशी कोणी पाहिले नाही. हरिहरपंतांनी प्रथम मान खाली घातली. नंतर डोळे मिटले. आणि शेवटी, मी हे प्रथमच पाहिले, गाणे चालू असता त्यांची पाठ वाकली.

गाणे संपले. "काय पंत," फणसे म्हणाले, "आज एवढे गप्प? परवानगी आहे हो!" माडी खदखदली. बुवाही हसले. हरिहरपंतांनी सर्वांना नमस्कार केला, बुवांस गाडीवर पोहोचवले आणि खोलीवर गेले.

पुढच्या रविवारी ते बैठकीस गेले नाहीत. त्याच्याही पुढच्या नाही. "क्षमा केल्यावर हे असं," असे माडीवर बोलले गेले. महिन्याभरात कळले की त्यांनी साहेबाकडे अर्ज करून बदली मागून घेतली. बदली मागतो तो मोठ्या स्टेशनाची मागतो. यांनी खडवलीची मागितली. तेथे दोन्ही बाजूंच्या मोजक्याच गाड्या थांबतात, आणि कोणालाही तेथे गाडी बदलावी लागत नाही.

समाज पुढे जगला. त्याने बाजाची पेटी विकत घेतली, मुंबईहून ठरवून गवई आणू लागला, आणि नियम छापले. 'वन्समोअर' म्हणण्यास मनाई हा त्यांतला चौथा नियम होय.

मी हरिहरपंतांस भेटण्यास खडवलीस एकदाच गेलो. एकदाच का गेलो याला सबबी पुष्कळ आहेत. शाळा, प्रकृती, ऊन. तोही रविवारच होता. नदीच्या बाजूस त्यांची कौलारू खोली होती. त्यांनी मला पाट दिला, गूळपाणी दिले, आणि कल्याणातल्या कोणाचीही चौकशी केली नाही. त्यांच्या खोलीबाहेर, रुळांच्या कडेने, गवताच्या दाबलेल्या गठ्ठ्यांची रास होती. मुंबईच्या तबेल्यांसाठी या भागातून गवत जाते.

उन्हे उतरली तेव्हा गावातला दौलत नावाचा एक कुणबी दाराशी आला. त्याच्या हातात टाळ होते. "पंत, आज मारुतीच्या देवळात भजन हाय. पोरं म्हनत्यात, तुमी कदी येत न्हाई. आज पाव्हनं बी हाईत. या की दोघं."

हरिहरपंत त्याच्या हातांतल्या टाळांकडे पाहत म्हणाले, "नको रे बाबा. मला गाण्यातलं काही कळत नाही. आवडही नाही तशी."

"ऐकाया काय कळाय लागतं व्हय?"

"तुम्ही करा. मला दिसायलाही हल्ली कमी दिसतं अंधारात."

दौलत माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. होय म्हणून की नाही म्हणून, मला सांगता येत नाही. तो गेला.

माझी गाडी यायला अवकाश होता. आम्ही फलाटावर येऊन बसलो. थोड्या वेळाने देवळाकडून मृदंगावर थाप पडली, एक कोवळा आवाज चढला आणि त्यामागे अनेक जाडेभरडे आवाज एकदम उठले. हरिहरपंत मला गवताविषयी सांगू लागले. गवत पुरते वाळण्याआधी गठ्ठे बांधले तर आतून तापते. मालगाडीच्या वाघिणीत भरल्यावर त्यातून वाफ निघते. कधी कधी पेटतेही. म्हणून प्रत्येक गठ्ठ्यात हात खुपसून पाहावे लागते. देवळातला आवाज वाढला तसा त्यांनी आपलाही वाढवला. इतके मोठ्याने व इतके सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकले नव्हते. ओले गवत कोणते, सुके कोणते, कोणत्या गावचे लोक दगड घालून वजन वाढवतात, पावसाने भिजलेला गठ्ठा उलगडून पुन्हा कसा वाळवावा, हे सर्व त्यांनी मला तपशीलवार सांगितले. आणि गाडी आली, मी डब्यात चढलो, खिडकीशी बसलो, तरी गजांना धरून ते गवताविषयीच बोलत होते.